फळांच्या कॅलरी धरायच्या की सोडायच्या?

वाचक विचारतात : आहार

वजन कमी करू पाहणाऱ्यांच्या पत्रांत या खेपेला फळांचाच विषय जास्त आला, म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत. खाली ‘कॅलरी’ म्हणजे किलोकॅलरी समजावी. फळाचं वजन म्हणजे साल-बी काढून उरलेल्या गराचं; अख्ख्या फळाचं असेल तिथे तसं लिहिलं आहे.

वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. मोबाइलच्या ॲपमध्ये लिहून रोज १५०० कॅलरी खाते. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं, नंतर दोन महिने काटा जागचा हलत नाही. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, त्यांच्या डाएटमध्ये फळं शून्य धरतात, म्हणून मीही लिहीत नाही. सकाळी दोन केळी, दुपारी वाटीभर द्राक्षं, संध्याकाळी एक जांब, एवढंच असतं. फळांनी कुणी जाड होतं का? – गृहिणी, लातूर

ताई, तुमच्या पत्रातल्या फळांचीच आधी बेरीज करू. सोललेली दोन मध्यम केळी साधारण २०० ग्रॅम भरतात. १०० ग्रॅमला ८९ कॅलरी धरल्या तर १७८. शीग लावून भरलेली मोठी वाटी द्राक्षं २०० ग्रॅमपर्यंत जातात, त्यांच्या १४० च्या आसपास. दीडशे ग्रॅमचा जांब (पेरू) १०० पर्यंत. झाल्या सव्वाचारशे. तुमचं वय, उंची, वजन आणि घरकामाची धावपळ धरली तर शरीराचा रोजचा खर्च १९०० च्या आगेमागे निघतो. म्हणजे १५०० खाऊन जी ४०० ची तूट पडायला हवी, ती फळांनीच भरून निघते. ॲपच्या दृष्टीने तुम्ही १५०० वर आहात, शरीराच्या दृष्टीने १९०० वर. त्यामुळे काटा हलत नाही.

तरीही दोष फळांवर टाकण्याची घाई नको. पहिल्या महिन्यात याच पद्धतीने दीड किलो उतरलं असेल, तर त्यातलं काही पाणी होतं आणि काही वेळा तुमची लिहिण्याची शिस्तही तेव्हा कडक असते. दोन-तीन महिन्यांत हात सैल होतो, आणि तो सर्वांत जास्त सैल होतो तेलावर. घरातलं तेल तपासायची सोपी रीत अशी : महिन्याला लागणारं तेल ग्रॅममध्ये घ्या, घरातली माणसं गुणिले तीस या आकड्याने भागा. चार माणसांत महिन्याला ४ किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी. ॲपमध्ये ‘भाजी, एक वाटी’ असं लिहिलं की त्यातलं तेल ॲप आपल्या अंदाजाने धरतं, आपल्या फोडणीने नाही. शेंगदाण्याचं तसंच. आपल्याकडे चटणीत शेंगदाणे, भाजीत कूट, भाकरीबरोबर मूठभर भाजलेले. ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १७० कॅलरी, आणि मोठ्या माणसाची मूठ ३० ग्रॅमवर थांबत नाही. हे सगळं न मोजता केवळ जांब मोजत बसलात तर काही हाती लागणार नाही.

आता जाऊबाईंच्या शून्याबद्दल. हे शून्य पसरलं ते मुख्यतः ‘वेट वॉचर्स’ या अमेरिकी पद्धतीतून. तिथे कॅलरीऐवजी गुण मोजतात, आणि २०१० पासून बहुतेक ताजी फळं शून्य गुणांची झाली. फळांत कॅलरी नाहीत असा त्याचा अर्थ नव्हता. लोकांनी बिस्किटाऐवजी फळाकडे हात न्यावा हा हेतू, आणि माणूस सरासरी किती फळं खाईल याची जागा हिशेबात आधीच राखलेली. २०१७ च्या अखेरीस त्यांनी शून्याच्या यादीत आणखी पदार्थ घातले, तेव्हा रोजचे किमान गुण ३० वरून २३ वर आणले. एका बाजूने मोकळीक दिली, दुसऱ्या बाजूने कापून घेतली. तुम्ही मोकळीक तेवढी उचलली आणि १५०० चा आकडा तसाच ठेवला. दोन पद्धतींची अशी सरमिसळ चालत नाही. एकतर फळं लिहा आणि १५०० ठेवा, नाहीतर फळं सोडा आणि बाकीच्या जेवणातून तेवढ्या कॅलरी कापा. यातली पहिली वाट बरी, कारण दुसरीत फळांचा हात मोकळा राहतो आणि भाकरी-डाळ कमी होते.

कायम सगळं तोलत बसा असंही नाही. तीन आठवडे घरातल्या काट्यावर प्रत्येक फळ तोलून लिहा. तेवढ्यात आपली वाटी, आपल्या गाड्यावरचं केळं, आपल्या बाजारचा जांब किती ग्रॅमचा असतो हे नजरेत बसतं. त्यानंतर टरबूज, खरबूज, पपई, मोसंबी यांची दिवसाला दोन वेळची फोड लिहिली नाही तरी फरक पडत नाही. टरबूज १०० ग्रॅमला ३०, खरबूज ३४, पपई आणि मोसंबी चाळीसच्या घरात. पोट भरतं पण आकडा वाढत नाही. केळी, सीताफळ, चिकू, आंबा, द्राक्षं, डाळिंब यांना मात्र ही सूट देऊ नका. यांचे आकडे ६० ते १०० च्या दरम्यान आहेत आणि यांतलं एकही फळ एका फोडीवर थांबत नाही. आणि रस, शिकरण, मिल्कशेक, मनुका, खजूर हे कुठल्याच सुटीत बसत नाहीत. ते दरवेळी लिहायचेच.

ॲपमधल्या ‘एक मध्यम फळ’ या नोंदीवर विसंबू नका, ग्रॅमची नोंद निवडा. वेगवेगळ्या तक्त्यांत आकडेही वेगळे असतात : जांबाला अमेरिकी तक्ता १०० ग्रॅमला ६८ देतो, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तो बराच कमी आहे. वाण वेगळा, चोथा (फायबर) मोजायची रीत वेगळी. कुठलाही एक तक्ता धरा आणि तोच चालवा. दर दिवसाला तक्ता बदलून आपल्या सोयीचा आकडा शोधणं ही मात्र स्वतःचीच फसवणूक.

एक उलटी चूकही दिसते. फळं मोजायला लागलं की ‘जांबाला शंभर जातात’ म्हणून लोक जांब सोडतात आणि त्या शंभरात चहाबरोबर चार मारी बिस्किटं बसवतात. आकडा तोच, पण जांबात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमहून जास्त चोथा आहे आणि तो चावून खायला वेळ लागतो. बिस्किटांनंतर तासाभरात पुन्हा भूक लागते. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहारात रोज १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. तेवढं तरी आकड्यापायी गमावू नये.

आमची मोसंबीची बाग आहे. वजन घटवायचं म्हणून सकाळचा नाश्ता बंद करून दोन ग्लास ताजा मोसंबीचा रस घेतो, साखर नाही. अकरा वाजेपर्यंत भुकेने जीव कासावीस होतो. रस तर फळाचाच ना? – शेतकरी, जालना जिल्हा

भाऊ, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या गोडीबद्दल वाद नाही. अडचण ग्लासाची आहे. अडीचशे मिलिलिटरचा ग्लास भरायला चांगल्या आकाराच्या तीन मोसंब्या पिळाव्या लागतात. दोन ग्लासांना सहा. सहा मोसंब्या सोलून, फाकी चावून, बसून खायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्यालाच पुरे वाटेल. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो. १९७७ साली इंग्लंडमध्ये सफरचंदांवर असाच प्रयोग झाला होता : अख्खी सफरचंदं, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला आणि पोट भरल्याची जाणीव सर्वांत कमी त्यानेच दिली.

कॅलरी म्हणाल तर ग्लासाला शंभराच्या आसपास, दोन ग्लासांना दोनशे. हा आकडा नाश्त्याच्या मानाने थोडाच आहे, पण त्यात प्रथिनं जवळपास नाहीत आणि चोथा चाळणीत राहिला. म्हणून अकराला भूक लागते, आणि शेतातून गावात आलेल्या माणसाला अकराला मिळतं काय, तर भजी नाहीतर वडापाव. रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना सुट्या साखरेत मोजते, वरून घातलेल्या साखरेसारखीच. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाही.

सकाळी दोन मोसंब्या फाकी करून खा, पांढरं आवरण फार ओरबाडू नका, त्यातही चोथा आहे. सोबत एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं, नाहीतर दोन उकडलेली अंडी. भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागलं तर २१० कॅलरी. सगळं मिळून रसापेक्षा दीडशे-दोनशे जास्त होतील, पण दुपारच्या जेवणापर्यंत मधे काही लागणार नाही. रसवंतीवरच्या उसाच्या रसालाही हाच नियम लावा. त्याच्या मोठ्या ग्लासात सवाशे-दीडशे कॅलरी असतात आणि तो उन्हातान्हात पाण्यासारखा प्यायला जातो.

सीताफळाच्या दिवसांत घरात टोपलीभर फळं असतात. अर्धं तर बियाच. मग मोजायचं कसं? संध्याकाळी सहज चार-पाच होतात. – शिक्षक, बीड

गुरुजी, बालाघाटाच्या डोंगररांगांत राहून सीताफळ सोडा असं कुणी सांगणार नाही. मोजायची रीत सोपी आहे. काट्यावर ताटली ठेवा, काटा शून्यावर आणा, अख्खी फळं ठेवून वजन लिहा. खाऊन झाल्यावर साली, बिया, देठ सगळं त्याच ताटलीत टाका आणि पुन्हा तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पोटात गेलेला गर. गराला १०० ग्रॅमला ९५ कॅलरी लावा.

दोन-तीनदा असं केलं की आपल्या फळाचं प्रमाण कळतं. रानातल्या आणि जुन्या बागांतल्या फळात अख्ख्या वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास गर निघतो. २०० ग्रॅमच्या फळात ९० ग्रॅम, म्हणजे ८५ कॅलरी. तुमची पाच फळं धरली तर सव्वाचारशे, दोन भाकरींइतकी. ‘गोल्डन’ जातीचं फळ आणलंत तर हे प्रमाण वापरू नका. ते आकाराने मोठं, बिया कमी आणि गर जास्त असतो. एकच फळ पाव किलोच्या पुढे जातं, तेव्हा ते पुन्हा तोलूनच घ्या.

संध्याकाळी मोठं असेल तर एक, मध्यम असतील तर दोन, आणि ती जेवणानंतर न खाता पाच-साडेपाचला, फरसाण आणि चहाच्या जागी खा. पिकलेली फळं एकदम संपवावी लागतात म्हणून पाच खाल्ली जातात, हे खरं कारण असतं. टोपलीतली कडक फळं वेगळी काढा, दोन-दोन करून कागदात गुंडाळून पिकवा. उरलेल्याचा गर बिया काढून फ्रीजरमध्ये जातो. तो लगेच तपकिरी पडतो, म्हणून डबा काठोकाठ भरून घट्ट बंद करावा. सीताफळाची रबडी मात्र फळाच्या नावावर लिहू नका, ती आटवलेलं दूध आणि साखर म्हणून लिहायची.

एकादशीला फक्त फळं आणि उपवासाचं खाते, तरी दुसऱ्या दिवशी वजन पाऊण किलोने वाढलेलं दिसतं. असं कसं? – परभणी

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे, ताई. एका ताटलीचा हिशेब बघा : ७० ग्रॅम साबुदाणा २४५, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, तीन चहाचे चमचे तूप किंवा तेल १३५, एक छोटा बटाटा ५०. सहाशे कॅलरी झाल्या, आणि अजून फळाला हातही लावलेला नाही. त्यावर दोन केळी, पाच खजूर आणि रात्री शिकरण. दोन केळी, पेलाभर सायीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेली शिकरण एकटीच साडेतीनशेच्या घरात जाते. उपवासाच्या दिवशी जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त जातं ते असं.

पाऊण किलोची चरबी एका रात्रीत होत नाही. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जादा लागतात. हे वाढलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं. साबुदाणा, बटाटा, केळी यांतली पिठूळ साखर यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि तिच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपवासाच्या वेफर्स-चिवड्यातलं मीठ आणखी पाणी अडवतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. द्वादशीच्या सकाळी काट्यावर उभं राहूच नका. रोज तोलत असाल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

एकादशीला वाटीभर भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी, वाटीभर दही, दोन वेळा टरबूज किंवा पपई आणि एक केळं असं केलं तर दिवस आठशे-नऊशेत निभतो. साबुदाणा हवाच असेल तर एकदाच, अर्ध्या वाटीचा.

आमरसाच्या महिनाभरात सगळं डाएट मोडतं. केसर आंबा बंद करावा का? – छत्रपती संभाजीनगर

आंबा बंद करू नका, पुऱ्या मोजा. २५० ग्रॅमच्या केसर आंब्यातून १५०-१६० ग्रॅम गर निघतो, त्याच्या शंभरभर कॅलरी. दोनशे ग्रॅम रसाची वाटी १२० ते १३०. त्यात दोन चमचे साखर ४०, वरून चमचाभर तूप ४५. इथपर्यंत दोनशे-सव्वादोनशे. पण रसाबरोबर तळलेल्या पुऱ्या पाच-सहा जातात, एकेक ८० ते १०० ची, आणि जोडीला कुरडया-पापड. पिकलेल्या मराठवाडा केसरला साखर लागतच नाही. रसात साखर घालायची सवय आंबट आंब्यांसाठीची, ती केसरला लावू नये. रस दोन पोळ्यांबरोबर खा, तूप एकीकडेच. चिरून, कोयीपर्यंत चोखून खाल्लेला आंबा रसापेक्षा केव्हाही बरा. एकाच्या जागी तीन आंबे नकळत जातात ते पातेल्यातूनच.

रात्री फळ खाल्लं तर त्याची चरबी होते, हे खरं का? – हिंगोली

नाही. दहा वाजता खाल्लेलं केळं आणि दुपारी खाल्लेलं केळं कॅलरीत सारखंच. रात्रीची फळं वाढवतात, कारण ती जेवणाच्या वर असतात.

मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वजनही घटवायचंय. माझ्यासाठी फळांचा हिशेब वेगळा आहे का? – वय ५८, नांदेड

वेगळा आहे, काका. तुम्ही कॅलरीआधी कर्बोदकं मोजायची. एका वेळच्या फळात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं ठेवावीत, आणि तेवढी भरतात ती अशी : टरबूज २०० ग्रॅम, जांब १०० ते ११०, आंबा १००, केळं ६५ म्हणजे छोटं एक किंवा मोठं अर्धं, सीताफळाचा गर ६५. अर्धापूरकडची लांब केळी अख्खी एकच सहज दोन वेळांइतकी होते. टरबुजाने साखर झपाट्याने वाढते असं ऐकून लोक घाबरतात. ते वेगाने पचतं हे खरं, पण १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ७-८ ग्रॅमच आहेत, म्हणून दोन फोडी चालतात, अर्धं टरबूज चालत नाही. फळ एकटं न खाता जेवणाचा भाग म्हणून घ्या आणि तेवढी भाकरी कमी करा. पहिल्या काही वेळा फळाच्या आधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. तुमच्या शरीराचं उत्तर तिथेच मिळेल.

गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर फळं किंवा जेवण एकदम तोडू नका. औषधाचा डोस तसाच ठेवून खाणं घटवलं की साखर धोकादायक खाली जाते : हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोकं गरगरतं. खाणं घटवण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळी, मोसंबी, शहाळ्याचं पाणी यांतल्या पोटॅशियमचाही प्रश्न येतो, आणि तिथे वरचं प्रमाण लागू नाही.

रमजानमध्ये खजुरावर रोजा सोडतो. खजूर फळच ना, मग मोजायची गरज? – अंबाजोगाई

फळच, पण पाणी उडालेलं. द्राक्षं १०० ग्रॅमला ६९ आणि मनुका ३००, यावरून पाणी गेल्यावर काय होतं ते दिसतं. खजूर २८० च्या घरात. बी काढलेला साधा खजूर ८ ग्रॅमचा असतो, म्हणजे २२ कॅलरी. मोठ्या मेजूल जातीचा एकच साठ-सत्तरचा. तीन साधे खजूर आणि पाणी एवढ्याने रोजा सोडलात तर ६६ कॅलरी. पुढे टरबूज-पपईची ताटली घ्या आणि नमाजनंतर जेवा. भजी आणि सरबत या दोन्हींचा आकडा मात्र वहीत लिहावाच लागेल; एका कांदाभजीच्या ताटलीत दहा-बारा खजुरांइतका हिशेब बसतो.